अपन म्हणजे कोण

मला सख्खा भाऊ नाही. मामाचा मुलगा तेवढा आहे, धारला, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, आणि कळायला लागल्यापासून माझी भाऊबीज त्याच्याशीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणेलच की मोबाइलवरच्या एका गेमपायी एवढं काय मनाला लावून घ्यायचं. गेम गेला खड्ड्यात. मला तो माझा भाऊ राहिला की नाही, एवढंच बघायचं होतं.

दुसरं म्हणजे हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. माझी शाळा हिंदी, नोकरीतली भाषा हिंदी, मराठी फक्त देवासच्या आमच्या घरात. बाबा शिक्षक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीची मुलं देवीच्या टेकरीच्या पायऱ्यांवर पळापळी करायची आणि मी बाबांसमोर बसून मराठी वाचायची, रडत. अजूनही माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. तरी मराठीच, कारण मराठीत 'मी आले', 'मी गेले' असं लिहावंच लागतं आणि लिहिणारी बाई आहे हे क्रियापदच सांगून टाकतं. हिंदीतही तसंच आहे म्हणा, पण आमच्या माळव्यातल्या हिंदीला एक पळवाट आहे आणि त्या पळवाटेत मी तीन वर्षं राहिले.

ती पळवाट म्हणजे 'अपन'. इंदूर, देवास, धारकडचा माणूस 'मैं' क्वचित म्हणतो. 'अपन आ रिये हैं', 'अपन ने खा लिया', 'अपन को क्या'. एकटा असला तरी अपन, दहाजण असले तरी अपन. बोलणारा बाप्या की बाई, तेही त्यातून कळत नाही. पुण्याकडचे नातेवाईक आले की हसतात, म्हणतात तुमच्याकडे प्रत्येकजण स्वतःला राजा समजतो का. आम्हीही हसतो.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी धारला होते. मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून चार दिवसांसाठी गेले आणि अडीच महिने अडकले. मामाचं देवादिकांच्या तसबिरी मढवायचं दुकान. ते बंद, काचा आणि चौकटी घरात आणून ठेवलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. भाऊ सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होता. दुसरी खेप होती. परीक्षाच पुढे ढकलली गेल्यावर त्याला काही काम उरलं नाही आणि मलाही नव्हतं, तेव्हा दुपारच्या वेळी जिन्यात बसून त्यानं मला तो गेम शिकवला. चारजणांची तुकडी बेटावर उतरते, बंदुका शोधते, शेवटी जी तुकडी उरते ती जिंकते. इतकं सोपं. मला ते इतक्या लवकर जमेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी माइक चालू ठेवून खेळले. समोरच्या घराच्या मागून वळसा घालत होते आणि सवयीनं म्हणाले, "मैं पीछे से आ रही हूँ." तेवढी 'रही' पुरली. एकानं नाव विचारलं, दुसऱ्यानं फोटो मागितला, आणि तिसरा कोण कुठला, तो जे बोलला ते मी मामीच्या घरात बसून ऐकलं. भावाचा चेहरा लाल झाला. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि माइक बंद केला.

"ताई, तू बोलू नकोस," तो म्हणाला. "टाइप कर. आणि ते रहा-रही काही लावायचंच नाही. अपन लाव. कुणाच्या बापाला कळणार नाही."

मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं. मला वाचवण्यासाठी त्यानं घरातलाच एक शब्द शोधून काढला होता. आजही त्या क्षणातलं ते कौतुक मला खोटं म्हणता येत नाही.

अशी मी भिया झाले. भिया म्हणजे आमच्याकडे कुणाही पुरुषाला हाक मारायचा शब्द, भाऊ म्हणा, दादा म्हणा. आमच्या तुकडीत चौघे होतो. माझा भाऊ कॅप्टन. एक धामनोदचा, त्याच्या वडिलांचा हायवेवर ढाबा. एक अमझेऱ्याचा, मितभाषी. आणि मी, 'देवासवाले भिया'. नावांनी कुणीच कुणाला हाक मारत नसे, गावानंच. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपसाठी नंबर द्यायची वेळ आली तेव्हा माझा नंबर नको म्हणून आम्ही बाबांचा दिला. बाबांचा फोन साधा, बटणांचा. त्यावर आलेला कोड मी आईकडून वाचून घेतला, माझ्या फोनवर टाकला आणि बाबांच्या नंबरावर भिया उभा राहिला. आम्हाला आमच्या हुशारीचं हसू आलं होतं.

खरं सांगायचं तर भिया असण्यात मजा होती. "भिया, आज आप नी होते तो अपन निपट गए थे," असं धामनोदवाला म्हणायचा, म्हणजे मी नसते तर सगळे मेलेच होते. इतक्या सरळपणे माझ्या कामाची पावती मला दुसरीकडे कुठंही मिळाली नव्हती. आणि जे लिहायचं टाळावंसं वाटतं तेही लिहिते. कधी समोरच्या तुकडीत एखाद्या मुलीचा आवाज आला की धामनोदवाला सुरू व्हायचा. मी त्याला कधी थांबवलं नाही. उलट हसणारे चेहरे पाठवले, म्हणजे संशय नको. एकीला तर तो खेळ संपेपर्यंत छळत राहिला, आणि ती निघून गेल्यावर मी लिहिलं, 'अपन जीत गए.' त्या मुलीचा आवाज मला अजून आठवतो. लाज वाटते.

पुढे इंदूरला एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. ही कंपनी परदेशी गेमांचं हिंदी करून द्यायची, म्हणजे बटणांवरचे शब्द, पात्रांची वाक्यं, आवाज. त्यांच्याकडे नेमका आमचाच गेम होता. मुलाखतीत मी त्या बेटाचा नकाशा तोंडपाठ सांगितला आणि साहेबांनी दुसरं काही विचारलं नाही. रोज सकाळी देवासहून बस, संध्याकाळी परत. तुकडीत मी सांगितलं की अपन को इंदौर में नौकरी लग गई. कसली ते सांगितलं नाही.

त्या गेममध्ये एक बाई शिपाई होती. पुरुष शिपाई गोळी लागून पडला की काहीतरी बोलायचा, 'बदला लेना' किंवा 'मेरी बंदूक उठा ले'. बाई पडली की बोलत नसे. कण्हायची. आणि ते कण्हणं गोळी लागलेल्या माणसाचं नव्हतं, ते कसलं होतं हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळायचं. माझ्या कानाला त्याची इतकी सवय झाली होती की मला काही वाटेनासं झालं होतं. एकदा रविवारी देवासच्या घरात मी खेळत होते, आवाज चालू राहिला होता. स्वयंपाकघरातून आई कणकेच्या हातानं बाहेर आली, दारात थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "अगं, बाबा घरात आहेत. काय बघतेस हे?"

मी तिला फोन दाखवला. म्हटलं, आई, लढाई आहे, हिला गोळी लागली. आईनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गोळी लागली तर अशी का ओरडते?" असं विचारून ती आत गेली. 

त्याच सुमारास वरून, म्हणजे परदेशातल्या मूळ कंपनीकडून, एक यादी आली. जगभरच्या खेळणाऱ्या बायका बरीच वर्षं तक्रारी करत होत्या, त्यातून ती निघाली असणार. बायकांच्या पात्रांचे कपडे, त्यांचं चालणं, आवाज, सगळं पुन्हा तपासा. कपड्यांचं काम दुसरीकडे झालं. आमच्या शिपाईबाईला पूर्ण पँट मिळाली, खिसेवाली, आणि बूट. आवाज आमच्याकडे आला. बैठकीत मी आईचा प्रश्न विचारला, आईचा म्हणून नव्हे, माझा म्हणून. साहेब म्हणाले, मग तुम्हीच लिहा ना मॅडम एखादी ओळ.

मी स्त्रीवादी वगैरे नव्हते. तो शब्द मला पुढे शिवी म्हणून मिळाला, आणि मिळालाच आहे तर आता मी तो परत करणार नाही. तेव्हा मला फक्त आईसमोर पुन्हा तसं उभं राहायचं नव्हतं. मी ओळ लिहिली: 'अपन गए. तुम निकलो.' आवाज देणारी बाई नंतर येणार होती, म्हणून जागा भरण्यापुरता मीच बोलले. आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगलेली एक खोली होती तिच्यात उभी राहून, सर्दीनं बसलेल्या घशानं. वरच्यांना तो घसा बसलेला आवाजच आवडला. तोच राहिला.

आता यातली चूक कुणाच्या लक्षात येते का बघा. माझ्या तर आली नाही. शाळेत शिकलेल्या हिंदीत ती बाई म्हणाली असती, 'मैं गई'. साहेब बाहेरगावचे, त्यांना वाटलं 'अपन' म्हणजे काहीतरी जिव्हाळ्याचं. पण मी तीन वर्षं लपून राहिलेली, माझ्या बोटांना दुसरा शब्दच माहीत नव्हता. मरतानाही मी तिला बाई होऊ दिलं नाही. आणि माळव्याबाहेरचं कुणीही शिपायाच्या तोंडी 'अपन' घालणार नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

नवा गेम फोनांवर उतरला आणि आमच्या ग्रुपमध्ये आग लागली. गंमत अशी की आमच्या तुकडीत बाई शिपाई घेऊन खेळायचा तो धामनोदवालाच. पाठमोरी पळताना बघायला बरी वाटते, असं तो उघड म्हणायचा. आता तिला पँट आली होती आणि पडली की ती बोलत होती. "पहले गिरती थी तो अच्छा लगता था," त्यानं लिहिलं, "अब भाषण दे रही है." चार शब्दांचं भाषण. मग त्यानं बरंच लिहिलं. फेमिनिस्ट लोकांनी सगळीकडे सत्यानाश केला, पिक्चर गेले, नोकऱ्या त्यांना, बसमध्ये सीट त्यांना, एक खेळायची जागा होती तीही त्यांना हवी. ज्यानं आयुष्यात नोकरीसाठी अर्ज केला नव्हता त्याचीसुद्धा नोकरी कुणीतरी बाईनं नेली होती. अमझेऱ्याच्यानं एवढंच लिहिलं की त्याला नवा आवाज बरा वाटला, खरी लढाई वाटते. त्याला इतकं झोडलं की त्यानं ग्रुप सोडला. मी नेहमीसारखी गप्प. कॅप्टनही गप्प.

त्या दुपारी भावाचा मला वेगळा मेसेज आला. 'ताई, हा तुझा आवाज आहे ना?'

मला इतका आनंद झाला. ऑफिसबाहेर कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यानं चार शब्दांत ओळखलं होतं. मी लिहिलं, 'हो रे! कसा वाटला?' त्यानं अंगठा पाठवला.

इकडे धामनोदवाल्याचं डोकं चाललं होतं. त्यानं लिहिलं, 'ये अपन-अपन तो अपने इधर का है. इंदौर में कोई बैठी है.' ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आमचा ग्रुप लहान, पण असे ग्रुप शेकडो आणि प्रत्येकात दुसऱ्या ग्रुपातला कुणीतरी. ती कोण हे शोधायचा एक नवाच खेळ सुरू झाला. पाचव्या दिवशी माझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'यही है अपन'. आणि त्याखाली देवासवाल्या भियाचा नंबर, म्हणजे बाबांचा.

फोटो मी लगेच ओळखला. आदल्या भाऊबीजेचा. मी ताट धरून उभी आहे, हसते आहे. आमच्या घरात एक रीत आहे, पाटावर बसलेल्या भावाकडे बहीण जे मागेल त्याला त्यानं नाही म्हणायचं नाही. दरवर्षी मी काहीतरी फालतू मागते, एकदा कचोरी, एकदा दोन दिवस दाढी न करण्याचं वचन. त्या वर्षी मी म्हटलं होतं की पुढच्या गेममध्ये कॅप्टन मी. सगळे हसत होते आणि मामीनं फोटो काढला, भावाच्या फोनवर. तो दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नव्हतं. फोटो कापून माझ्यापुरता केलेला होता, पण नीट कापता आला नव्हता. कडेला रांगोळीचा तुकडा होता आणि निळ्या जीन्समधला त्याचा गुडघा.

त्या दिवशी संध्याकाळच्या बसनं मी घरी आले तर बाबा खाटेवर बसले होते, फोन कानाला घट्ट दाबून. त्यांना कमी ऐकू येतं. ते मोठ्यानं आणि फार मायेनं बोलत होते. "बेटा, कहाँ दर्द है? घर में कोई बड़ा है? पता बताओ, हम किसी को भेजते हैं." मला पाहून त्यांनी हातानं गप्प राहायला सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाले, कुणीतरी पोर आहे, फार दुखतंय तिला, दुपारपासून चौथ्यांदा फोन आला, पत्ता मात्र सांगत नाही.

मी फोन घेतला. एक पुरुष तो आवाज काढत होता. गेममधला जुना, बाईच्या पडण्याचा. त्याच्या मागे दोघे-तिघे हसत होते. मी फोन बंद केला आणि बाबांना सांगितलं की राँग नंबर आहे. बाबा माझ्यावर रागावले. माणूस मरणाच्या दारात असेल आणि तू फोन ठेवतेस, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, कॅलेंडरच्या समासात त्यांनी तो नंबर त्यांच्या सुबक अक्षरात लिहून ठेवला होता. पोरीला बरं वाटलं का ते विचारायला ते उलट फोन करणार होते.

मग मी आईला सांगितलं आणि आईनं त्यांना. मला ते धाडस झालं नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि फोन माझ्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, तू काय बोलली होतीस त्यात? मी सांगितलं, 'अपन गए, तुम निकलो.' बाबांनी भातावर वरण वाढून घेतलं. व्याकरणात बसत नाही, म्हणाले, पण चांगलं आहे. ओळखीचा नसलेला कुठलाही फोन ते त्यानंतर उचलत नाहीत.

आम्ही पोलिसांत तक्रार केली, तक्रारीला एक क्रमांक मिळाला, तो माझ्याकडे आहे. फोन महिनाभर येत राहिले, मग कमी झाले. ऑफिसात साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की वाद कंपनीला परवडत नाही. जुना आवाज तात्पुरता परत घातला. तो तात्पुरता आवाज आजही आहे. मला गेममधल्या दुकानाच्या पाट्या लिहायचं काम दिलं, 'खरीदें', 'रद्द करें', 'क्या आप निश्चित हैं'. त्यात 'मैं' नाही आणि 'अपन'ही नाही.

भावाला मी काहीच विचारलं नाही. वाट पाहिली. तो फोन करेल, धामनोदवाल्यानं आपला फोन पळवला होता असलं काहीतरी खोटं सांगेल आणि मी ते खरं मानेन, इथपर्यंत माझी तयारी होती. त्यानं फोन केला नाही. त्यांच्या घरी कुणालाच काही माहीत नव्हतं. भाऊबीज आली. आई म्हणाली, जायला हवं, नाही गेलीस तर मामाला काय सांगू. मी गेले.

धारला मामी नेहमीसारखी दारातच भेटली, बारीक झालीस म्हणाली. भाऊ गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होता. मी वर गेले तर त्यानं कपडे खाली ठेवले नाहीत, छातीशी धरून उभा राहिला. परीक्षेचा निकाल पुन्हा लागला होता आणि पुन्हा त्याचं नाव नव्हतं, हे मला मामीनं खालीच कुजबुजत सांगितलं होतं.

मी विचारलं, फोटो कुणी दिला. तो बराच वेळ दुसरंच बोलत राहिला. धामनोदवाल्यानं त्याला घेरलं होतं. देवासवाला भिया कधी माइकवर का येत नाही, इंदूरला नोकरी कधी लागली, असं जुळवत तो जवळ आला होता. फोटो दे, नाहीतर पोरगी तुकडी चालवते आणि तू नावाचा कॅप्टन, असं सगळ्या ग्रुपांत सांगेन, म्हणाला होता.

"फक्त फोटो दिला ग," भाऊ म्हणाला. "नंबर तर त्यांच्याकडे पहिल्यापासून होता. मला काय मालूम ते फूफाजींना फोन करतील." फूफाजी म्हणजे माझे बाबा.

मी विचारलं, का दिलास.

"तू समझत नाहीस, ताई. खाली पापा रोज विचारतात, काय झालं रिझल्टचं. दुकानात येणारा गिऱ्हाईक पण विचारतो. तिथं कुणी विचारत नव्हतं. तिथं मी बोललो की लोक ऐकायचे. मग तुम्ही तिथं पण आलात शिकवायला."

"तुम्ही म्हणजे कोण?"

"तुम्ही. बायका."

"मी तीन वर्षं तिथंच होते. तुझ्या शेजारी."

"तेव्हा तू भिया होतीस," तो म्हणाला.

हे त्यानं भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. त्याला ते खरंच वाटत होतं, आणि म्हणून मला जास्त लागलं. तीन वर्षं मी त्याला पाठीमागून वाचवलं ते भियानं वाचवलं. मी फक्त आवाज बदलणारी बाई होते, नुकतीच आलेली. मला त्याची दयाही आली, नाही असं नाही. पण बाबा खाटेवर बसून 'कहाँ दर्द है' विचारत होते, तेही दिसत होतं.

मी त्याला बाबांचं सांगितलं, कॅलेंडरवरच्या नंबरासकट. त्याच्या हातातला टॉवेल खाली पडला. तो वाकला, उचलला, झटकला. मग म्हणाला, "अपन से गलती हो गई, ताई."

"कुणाकडून?"

"अपन से."

"अपन म्हणजे कोण?" मी विचारलं. "मी? तू? धामनोदवाला? एकट्याचं नाव घे. 'मी' म्हण. मी फोटो दिला, माझी चूक झाली. मराठीत म्हण."

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात खालून मामीनं हाक मारली की पाट मांडलाय, मुहूर्त जाईल. तो सुटल्यासारखा जिन्याकडे गेला.

खाली सगळं नेहमीचं. रांगोळी, पाट, मढवायला आलेल्या तसबिरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या. तो पाटावर बसला, डोक्यावर रुमाल. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या. दिवा लावलेलं ताट हातात घेतलं आणि थांबले. मामा हसून म्हणाले, आता मागणार ही काहीतरी. मामीनं फोटोसाठी फोन वर धरला.

"या वर्षी एकच वाक्य हवंय," मी म्हटलं. "'मी' नं सुरू होणारं. त्याला माहीत आहे कुठलं."

सगळे हसले. मामा म्हणाले, म्हण की रे, स्वस्तात सुटतोयस. भाऊ दिव्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओलं झालं होतं. माझे हात भरून आले तरी मी ताट खाली केलं नाही. तो म्हणेल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

"अपन से नी होगा, ताई," तो म्हणाला.

"अरे, पाटावर बसून नाही म्हणू नये," मामी म्हणाली. "आणि सणाच्या दिवशी तरी मराठीत बोल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आपल्याला नाही जमणार," तो मराठीत म्हणाला.

मामा-मामी पुन्हा हसले. मामी म्हणाली, ओवाळ ग आता, हात दुखतील तुझे. मी ओवाळलं नाही. मी वळले, आत गेले आणि ताट देवापुढे ठेवून आले.